एका वचनातली चार क्रियापदे : जर्मॅनिक भाषांमध्ये मृताला ‘पुरणे’

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायातील २२वे वचन जर्मॅनिक भाषांच्या अभ्यासकाने एकदा तरी समोर ठेवून नीट पाहावे असे आहे. वडिलांना पुरून येण्याची परवानगी मागणाऱ्या शिष्याला येशू सांगतो की, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांस पुरू दे. मूळ ग्रीक वाक्य सगळ्यांसाठी एकच होते आणि अर्थाविषयी कोणाच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते. तरीही ४थ्या शतकात बिशप वुल्फिला याने केलेल्या गॉथिक (आता लुप्त झालेली एक जर्मॅनिक भाषा) अनुवादात येथे ‘फिल्हान’ हे क्रियापद येते, १०व्या शतकाच्या अखेरच्या प्राचीन इंग्रजी शुभवर्तमानांत ‘ब्युर्गान’ला ‘बे-’ हा उपसर्ग लावलेले रूप येते, मार्टिन लूथरच्या १५२२च्या जर्मन अनुवादात ‘बेग्राबेन’ येते आणि आजच्या आइसलँडिक बायबलमध्ये ‘यार्दा’ येते. एकाच आजीच्या चार नाती म्हणाव्यात अशा या भाषा. ‘हात’, ‘पाणी’, ‘भाऊ’ यांसाठी त्यांचे शब्द इतके मिळतेजुळते आहेत की शाळकरी मुलालाही त्यांचे नाते ओळखता येईल. मृताला जमिनीत ठेवण्यासाठी मात्र चौघींनी चार वेगळी क्रियापदे वापरली.

या प्रकरणात विचार करायचा आहे तो प्रामुख्याने दुसऱ्या क्रियापदाचा, म्हणजे ज्याचे आजचे इंग्रजी रूप आपण ‘बेरी’ असे उच्चारतो त्याचा. आज बोलल्या जाणाऱ्या जर्मॅनिक भाषांपैकी इंग्रजी आणि तिची सख्खी बहीण स्कॉट्स या दोघी सोडल्या, तर ‘पुरणे’ या अर्थाने हा शब्द कोठेही आढळत नाही. तो आला कोठून, त्याचा पहिला अर्थ काय होता आणि त्याच्याशी चुकीने जोडले गेलेले शब्द कोणते, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते सुटे केल्याखेरीज उत्तर हाती लागत नाही.

बाकीच्या तिघांपैकी दोन क्रियापदांचा उलगडा सोपा आहे. ‘बेग्राबेन’च्या पोटात ‘ग्राबेन’, म्हणजे खणणे, हा धातू सरळ दिसतो. डच, डॅनिश, स्वीडिश आणि आफ्रिकान्स या भाषांची नेहमीची क्रियापदेही त्याच घडणीची आहेत आणि इंग्रजीतला कबरीसाठीचा ‘ग्रेव्ह’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. आइसलँडिक ‘यार्दा’ हे ‘भूमी’ या अर्थाच्या नामावरून तयार झालेले क्रियापद आहे आणि जर्मनमधील ‘बेएर्डिगेन’ची रीत तीच. मराठी वाचकाने येथे क्षणभर आपल्या शब्दाकडे पाहावे. आपले ‘पुरणे’ हे ‘पूरण’, म्हणजे भरणे, यातून आलेले आहे. पोळीत भरायचे ते पुरण आणि खड्डा भरून टाकणे ते पुरणे. जर्मन माणसाच्या शब्दाने खड्डा खणण्याची क्रिया टिपली, आपल्या शब्दाने तो भरण्याची. कृती एकच असली तरी तिच्यातला कोणता क्षण शब्दाने पकडायचा हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते, आणि म्हणूनच अशा क्रियापदांच्या मुळाशी ‘पुरणे’ हाच अर्थ सापडेल अशी अपेक्षा धरून चालत नाही.

गॉथिक ‘फिल्हान’पाशी मात्र थांबावे लागते. वुल्फिलाच्या अनुवादाची सर्वांत मोठी हस्तलिखित प्रत स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ६व्या शतकाच्या आरंभी इटलीत, जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रांवर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली ही पोथी आज अपुरी आहे, परंतु मत्तयाचे हे वचन सुदैवाने तिच्यात शिल्लक राहिले आहे. ‘फिल्हान’चा अर्थ लपवणे असाही होतो आणि पुरणे असाही. त्याचा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतला, भाऊ ‘फेला’ आइसलँडमध्ये आजही ‘लपवणे’ या अर्थाने रोजच्या बोलण्यात आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये याच धातूला ‘बि-’ हा उपसर्ग लागून ‘बिफेलाहान’ झाले, आणि त्या एका शब्दात सोपवणे, हवाली करणे आणि पुरणे हे तिन्ही अर्थ नांदत होते. मृताला मातीच्या स्वाधीन करणे, असा तो विचार होता. पुढे जर्मनमध्ये पुरण्याचा अर्थ गळून गेला. सोपवण्याच्या अर्थावरून ‘काम सोपवणे’ आणि त्यावरून ‘हुकूम देणे’ असा प्रवास झाला. आजचे जर्मन ‘बेफेलेन’, म्हणजे आज्ञा करणे, ते हेच. लूथरच्या बायबलमध्ये वधस्तंभावरील येशू ‘हे पित्या, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ असे म्हणतो तेव्हा तेथे हेच क्रियापद आहे, आणि आजच्या जर्मन वाचकाला तेथे हुकुमाचा अर्थ बाजूला सारून जुना अर्थ आठवावा लागतो. जे क्रियापद एके काळी कबरीपाशी वापरले जात होते तेच पुढे लष्करी कवायतीत जाऊन पोहोचले. इंग्रजी ‘बेरी’चा विचार करताना हे उदाहरण ध्यानात ठेवायला हवे, कारण पुरण्याचा अर्थ किती सहज एखाद्या शब्दाला चिकटतो आणि किती सहज सुटतो हे त्यातून स्पष्ट दिसते.

आता ‘ब्युर्गान’. प्राचीन इंग्रजीत हे लिहिताना मध्ये ‘ग’ असे, उच्चारात मात्र त्याचा ‘य’ होत असे. आजच्या शब्दाच्या शेवटचा ‘वाय’ तेथूनच आला. पहिला स्वर ओठ ‘उ’साठी करतो तसे गोल करून आणि जीभ ‘इ’साठी ठेवतो तशी पुढे ठेवून उच्चारला जाणारा होता. असा स्वर त्या भाषेत मुळात नव्हता. मागच्या अक्षरातील ‘उ’ला पुढच्या अक्षरातील ‘इ’ किंवा ‘य’ने आपल्याकडे ओढले की तो तयार होई. म्हणजे ‘ब्युर्गान’च्या आधीचे रूप ‘बुर्ग्यान’ असे असले पाहिजे. हे रूप कोठे लिहिलेले सापडत नाही, ध्वनिनियमांवरून त्याची पुनर्रचना केली जाते. परंतु ती अंदाजपंचे नाही, हे पुढच्या साक्षींवरून कळेल.

‘बुर्ग्यान’ मधील ‘बुर्ग’ हे ‘बेर्ग’ या धातूचे ऱ्हस्व रूप. संस्कृतात ‘कर्ता’ आणि ‘कृत’ यांत जो स्वरभेद आपण सहज ओळखतो तोच हा, कारण संस्कृतात ज्या जागी ‘ऋ’ येतो त्या जागी जर्मॅनिकमध्ये ‘उर्’ येतो. या ‘बेर्ग’ धातूचे मूळ क्रियापद सगळ्या शाखांत सुखरूप आहे आणि त्याचा अर्थ राखणे, सांभाळणे, वाचवणे असा आहे. गॉथिकमध्ये ‘बेर्गान’, योहानाच्या १२व्या अध्यायात जो या जगात आपल्या जिवाचा द्वेष करतो तो सार्वकालिक जीवनासाठी त्याला राखील असे वचन आहे, तेथे ‘राखील’साठी हेच क्रियापद आहे. नॉर्समध्ये ‘ब्यार्गा’, वाचवणे. प्राचीन इंग्रजीत ‘बेओर्गान’, रक्षण करणे. म्हणजे प्राचीन इंग्रजीत मायलेकी शेजारी शेजारी राहत होत्या : ‘बेओर्गान’ने जिवंत माणसाला सांभाळायचे आणि ‘ब्युर्गान’ने मेलेल्याला पुरायचे. पुढे आई काळाच्या ओघात नाहीशी झाली आणि लेक उरली.

या कुळाचा पसारा मोठा आहे आणि त्यातले काही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. सैन्याचा निवारा अशा अर्थाच्या जोडशब्दातून जर्मनमधला धर्मशाळेसाठीचा ‘हेर्बेर्गे’ आला आणि इंग्रजीतला ‘हार्बर’ही आला, जो मुंबईच्या लोकलच्या एका मार्गाच्या नावात लाखो लोक रोज उच्चारतात. जामीन, तारण या अर्थाच्या ‘बोर्ग’ या नामावरून इंग्रजीत उसने घेण्यासाठीचा ‘बॉरो’ झाला. राखणे आणि हमी यांचा हा सांधा मराठी वाचकाला परका वाटू नये, कारण आपल्या ‘तारण’ शब्दातही वाचवणे आणि कर्जाची हमी हे दोन्ही एकत्र आहेत.

यापुढची साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते. आइसलँडिकमध्ये ‘बिर्ग्या’ हे क्रियापद आहे. ध्वनीच्या बाजूने ते ‘बुर्ग्यान’ या पुनर्रचित रूपाशी तंतोतंत जुळते आणि अर्थ आहे बंद करणे, झाकणे. तेथील एक म्हण सांगते की, मूल विहिरीत पडल्यावर विहीर झाकायला जाणे म्हणजे फार उशीर झाला. या म्हणीतील ‘झाकणे’ म्हणजेच ‘बिर्ग्या’. विहिरीच्या तोंडावर फळी ठेवण्याचे क्रियापद आणि इंग्रज ज्याने मृताला जमिनीत ठेवतो ते क्रियापद सख्खी भावंडे आहेत. युरोपखंडाच्या मुख्य भूमीवरही पुरण्याच्या अर्थाचा एक धागा सापडतो : प्राचीन सॅक्सनमध्ये थडग्यासाठी ‘बुर्गिस्ली’ हा शब्द आहे, आणि तो प्राचीन इंग्रजीतील थडगे या अर्थाच्या ‘ब्युर्गेल्स’शी जुळतो. यावरून असे दिसते की इंग्लंडमध्ये आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी हा अर्थ तेथे गेल्यावर नव्याने घडवला नाही; उत्तर समुद्राच्या पलीकडे, त्यांच्या जुन्या शेजारात, तो आधीपासून होता.

आता चुकीच्या नात्यांकडे वळतो. यांत पहिले नाते जर्मन ‘बर्ग’, म्हणजे डोंगर, आणि त्याच्या इंग्रजी भावाचे, म्हणजे ‘बॅरो’चे. ‘बॅरो’ म्हणजे मृताच्या अवशेषांवर रचलेला मातीचा उंच ढिगारा. इंग्लंडच्या ग्रामीण भागात असे ढिगारे आजही ठिकठिकाणी दिसतात. ढिगारा ‘बेओर्ग’ आणि त्यात ठेवणे ‘ब्युर्गान’. दोन शब्द इतके जवळचे आणि संदर्भ इतका एकरूप की ‘ढिगाऱ्यात घालणे म्हणजे पुरणे’ ही व्युत्पत्ती कोणालाही पटावी. परंतु शब्दांचे नाते चेहऱ्यावरून ठरवता येत नाही.

आदि-इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, इराणी, स्लाव्ह आणि जर्मॅनिक भाषांच्या समान पूर्वज भाषेत, ‘घ’चे दोन प्रकार होते, एक टाळूच्या पुढच्या भागात उच्चारला जाणारा आणि एक मागच्या. जर्मॅनिक शाखेत दोन्ही एकत्र मिसळले, म्हणून केवळ जर्मॅनिक शब्द पाहून ते वेगळे करता येत नाहीत. इराणी आणि स्लाव्ह शाखांत मात्र पुढच्या ‘घ’चा ‘झ’ झाला आणि मागचा ‘घ’ नेहमी तसा झाला नाही. डोंगर या अर्थाच्या ‘बर्ग’ची इराणी बहीण अवेस्ता या पारशी धर्मग्रंथामध्ये ‘बेरेझन्त’, म्हणजे उंच, अशी आहे, आणि इराणमधील अल्बुर्झ पर्वताच्या नावात ती आजही ऐकू येते. संस्कृतात याच शब्दाचे रूप ‘बृहत्’. म्हणजे ‘बृहन्मुंबई’तील पहिला भाग आणि जर्मनीतील डोंगराचे नाव एकाच मुळाचे आहेत. उलट राखणे या अर्थाच्या ‘बेर्गान’ची स्लाव्ह बहीण रशियनमध्ये ‘बेरेगू’, म्हणजे मी जपतो, सांभाळतो, अशी आहे, आणि तिच्यात ‘झ’ नसून ‘ग’ आहे. दोन धातू मुळात वेगळे होते, असे मानण्याचे मुख्य कारण हे. रशियनमध्ये नदीच्या काठासाठी ‘बेरेग’ हा आणखी एक शब्द आहे आणि तो उंच या अर्थाच्या धातूशी जोडला जातो; मग त्यात ‘ग’ का, या प्रश्नाचे उत्तर तो जर्मॅनिकमधून उसना आला असावा किंवा तेथे नियमभंग झाला असावा असे दिले जाते. ही अडचण खरी आहे आणि ती दडवू नये, पण तिच्यामुळे सांभाळण्याच्या क्रियापदाची साक्ष खोटी ठरत नाही. तेव्हा मुंबईपुरते सांगायचे तर ‘हार्बर’ एका धातूचा आणि ‘बृहन्’ दुसऱ्या. आणि इंग्रजी ‘बेरी’ हार्बरच्या बाजूचा.

दुसरे चुकीचे नाते गावाच्या नावाचे आहे आणि ते अधिक फसवे आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात ‘बेरी सेंट एडमंड्स’ नावाचे गाव आहे. पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड ८६९ साली डॅनिश आक्रमकांच्या हातून मारला गेला. पुढे त्याचे अवशेष या गावी आणले गेले, १०२०मध्ये तेथे बेनेडिक्टाइन मठ उभा राहिला आणि ते स्थान मोठे तीर्थक्षेत्र बनले. संत जेथे पुरला गेला ते गाव, आणि नावातच ‘पुरणे’. याहून सरळ स्पष्टीकरण कोणते असणार? तरीही ते चूक आहे. गावाच्या नावातला शब्द ‘बुर्ह’, म्हणजे तटबंदी असलेली वस्ती, याच्या विभक्तीचे ‘ब्युरिग’ हे रूप आहे. ‘कँटरबरी’च्या शेवटी तोच आहे आणि मँचेस्टरजवळच्या ‘बेरी’ नावाच्या शहरातही तोच. विभक्तिप्रत्ययातील ‘इ’ने ‘उ’ला तसाच ओढला जसा क्रियापदात ‘य’ने ओढला होता, आणि त्यामुळे दोन निराळे शब्द एकाच वाटेने चालत शेवटी एकसारखे दिसू लागले. ‘बुर्ह’ हा शब्द स्वतः राखण्याच्या धातूचा की उंचीच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तट म्हणजे रक्षण हेही खरे आणि किल्ला टेकडीवर असतो हेही खरे. पण तो कोणत्याही बाजूला पडला तरी संताच्या दफनाशी त्या नावाचा संबंध नाही.

शब्दाचे मूळ सापडले तरी त्याच्या आजच्या रूपाचे एक कोडे उरते, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांनी ते शाळेत अनुभवले आहे. बी, यू, आर, वाय ही अक्षरे पाहून मूल ‘बरी’ म्हणते आणि शिक्षक ‘बेरी’ असे सुधारतात. का, हे सहसा कोणी सांगत नाही. कारण असे की, तो गोल ओठांचा स्वर मध्ययुगीन इंग्लंडमध्ये प्रदेशागणिक निराळा झाला. उत्तरेत आणि पूर्व-मध्य भागात त्याचा ‘इ’ झाला, आग्नेयेला केंटमध्ये ‘ए’ झाला आणि पश्चिम-मध्य व नैर्ऋत्य भागांत तो मूळच्यासारखाच राहून ‘यू’ या अक्षराने लिहिला जाऊ लागला. लंडनमध्ये सगळीकडची माणसे येत होती आणि तेथील प्रमाण इंग्रजीने कोणता शब्द कोठून उचलायचा याला काही नियम नव्हता. या शब्दाचे लेखन पश्चिमेचे टिकले आणि उच्चार केंटचा टिकला. कामात असण्यासाठीच्या ‘बिझी’चेही असेच झाले, फक्त तेथे पश्चिमी लेखनाला ‘इ’चा उच्चार मिळाला. आनंदी या अर्थाच्या ‘मेरी’त मात्र लेखन आणि उच्चार दोन्ही केंटचे आहेत. मुलाची चूक नसते. एकाच शब्दात दोन प्रांत बसले आहेत.

दफनविधीसाठीच्या इंग्रजी ‘बेरियल’ची हकिगत आणखी बारकाईची आहे. थडगे या अर्थाचा वर सांगितलेला ‘ब्युर्गेल्स’ हा शब्द एकवचनी होता आणि शेवटचा ‘स’ हा त्याच्या प्रत्ययाचाच भाग होता. पुढच्या पिढ्यांना तो अनेकवचनाचा ‘स’ वाटला, म्हणून त्यांनी एकवचन करण्यासाठी तो काढून टाकला. कोड्यासाठीच्या ‘रिडल’ शब्दाचा शेवटचा ‘स’ही अशाच गैरसमजातून गेला. मग उरलेल्या रूपाचा शेवट फ्रेंच-लॅटिन वळणाच्या ‘फ्यूनरल’सारख्या शब्दांच्या शेवटासारखा लिहिला जाऊ लागला, आणि अस्सल जर्मॅनिक शब्द लॅटिन पेहरावात वावरू लागला.

अर्थाचा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण त्याचे उत्तर वरच्या साक्षींवाचून देता येत नाही. कोशांत सहसा ‘रक्षण करणे’ हा मूळ अर्थ देऊन पुढे ‘लपवणे’ आणि मग ‘पुरणे’ अशी साखळी दिलेली असते. त्यातून एक हळवे चित्र उभे राहते की, इंग्रजांचे पूर्वज मृताला जपत होते. माझे मत थोडे निराळे आहे. जपण्याचा अर्थ आईच्या, म्हणजे ‘बेर्गान’च्या वाट्याचा आहे, लेकीने, म्हणजे ‘बुर्ग्यान’ने, आइसलँडमध्ये जो अर्थ राखला आहे तो तोंड बंद करण्याचा, झाकण्याचा आहे, आणि इंग्रजी अर्थाच्या लगतची पायरी तीच असावी. ५व्या आणि ६व्या शतकांत इंग्लंडमध्ये वसलेले हे लोक मृतांना जाळतही होते आणि पुरतही होते. नॉर्फकमधील स्पाँग हिल या एकाच ठिकाणी दोन हजारांहून अधिक मृतांची जाळलेली अस्थी मातीच्या कलशांत भरून जमिनीत ठेवलेली सापडली आहे. जेथे कोठे आख्खा देह, कोठे राखेचा कलश, तर कोठे वर मातीचा ढिगारा, अशा सगळ्या पद्धती शेजारी शेजारी चालू होत्या, तेथे खणण्याचे नाव घेणाऱ्या क्रियापदापेक्षा झाकण्याचे नाव घेणारे क्रियापद सगळ्यांना लागू पडले असते. जपण्याची भावना त्या लोकांत नव्हती असे मला मुळीच म्हणायचे नाही. कबरीत ठेवलेली भांडी, मणी आणि शस्त्रे ती पुरेशी सांगतात. पण ती साक्ष वस्तूंची आहे, क्रियापदाच्या तोंडी ती घालू नये.

जपण्याचा जुना अर्थ आज ऐकायचा असेल तर तो जर्मनीत ऐकावा. तेथे ‘बेर्गेन’ हे क्रियापद धोक्यातून किंवा ढिगाऱ्यातून सुखरूप काढण्यासाठी वापरले जाते, स्वीडिशमध्ये त्याचाच भाऊ बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी आणि शेतातले पीक घरी आणण्यासाठी वापरला जातो. आल्प्समध्ये हिमकडा कोसळून माणसे गाडली जातात तेव्हा जर्मन वृत्तपत्रे मृतदेह हाती लागल्याची बातमी याच क्रियापदाने देतात. इंग्रज ज्या शब्दाने मृताला जमिनीखाली ठेवतो, त्याच शब्दाच्या सख्ख्या नातलगाने जर्मन मृताला बर्फाखालून वर काढतो.